राष्ट्राध्यक्ष बोलतात तेव्हा: काही पक्के गैरसमज

संकटात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष बोलला, लोकांना धीर आला आणि देश सावरला, ही गोष्ट सगळ्यांना आवडते. फ्रँकलिन रूझवेल्ट हे तिचं लाडकं उदाहरण. खरी भीती भीतीचीच आहे, या आशयाचं त्यांचं वाक्य रेडिओवरच्या ‘फायरसाइड चॅट’मधलं आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते ४ मार्च १९३३ च्या शपथविधीच्या भाषणातलं आहे.

रेडिओवरची पहिली ‘चॅट’ झाली आठ दिवसांनी, रविवारी १२ मार्चच्या रात्री. तिचा विषय रुक्ष होता: बँक कशी चालते. ठेवी काढण्यासाठी झुंबड उडाल्यामुळे रूझवेल्ट यांनी ६ मार्चला देशभरातल्या बँका बंद ठेवायला लावल्या होत्या. ९ मार्चला संसदेनं एका दिवसात बँकांसाठी तातडीचा कायदा केला. एवढं झाल्यावर ते लोकांशी बोलले. तुमचा पैसा तिजोरीत पडून नसतो, तो कर्जांत आणि रोख्यांत गुंतलेला असतो. म्हणून सगळेच एकदम मागायला आले तर धडधाकट बँकही तो देऊ शकत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. मग वेळापत्रक दिलं. सोमवारी फेडरल रिझर्व्हच्या १२ शहरांतल्या बँका उघडतील, मंगळवारी क्लिअरिंग हाउस (बँकांचे आपसांतले व्यवहार मिटवणारं केंद्र) असलेल्या शहरांतल्या, त्यानंतर बाकीच्या. आणि उघडतील त्या तपासणीत सुस्थितीत ठरलेल्याच. प्रत्येक बँक उघडेल किंवा कुणाचंच नुकसान होणार नाही, असं वचन देत नसल्याचंही त्यांनी स्पष्ट केलं. सोमवारी लोक रांगेत उभे राहिले ते पैसे पुन्हा भरायला. केवळ आवाजाच्या जादूनं हे घडलं असं मानणं त्या आठवडाभराच्या कामावर अन्याय करणारं आहे.

अशा गप्पा दर आठवड्याला होत, हाही गैरसमजच. १२ वर्षांत त्या सुमारे ३० झाल्या. सारखं बोललं तर ऐकणारे कंटाळतात, हे रूझवेल्ट ओळखून होते.

जिमी कार्टर यांच्या बाबतीत उलटा गैरसमज रूढ आहे. १९७९ च्या उन्हाळ्यात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या असताना त्यांनी ठरलेलं भाषण रद्द केलं, कॅम्प डेव्हिडला जाऊन सुमारे दहा दिवस नाना थरांतल्या लोकांचं ऐकून घेतलं आणि १५ जुलैला देशाच्या ढळलेल्या आत्मविश्वासाबद्दल भाषण केलं. हे ‘मरगळीचं भाषण’ त्यांना भोवलं, असं आजही सांगितलं जातं. पण तो शब्द भाषणात नव्हताच, आणि भाषणानंतर त्यांची लोकप्रियता ११ अंकांनी वाढली होती. दोनच दिवसांनी त्यांनी सगळ्या मंत्र्यांचे राजीनामे मागितले, पाच जण गेले आणि सरकार डळमळल्याचं चित्र उभं राहिलं. लोकांना कटू बोल रुचत नाहीत, हा धडा यातून काढणाऱ्यांनी तो क्रम पुन्हा पाहावा.

शब्द राष्ट्राध्यक्षांचेच असतात, असंही नाही. १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ अंतराळयान हवेतच नष्ट झालं त्या संध्याकाळचं रोनाल्ड रेगन यांचं भाषण पेगी नूनन यांनी लिहिलं होतं. आणि वाहिन्यांना अशी भाषणं दाखवणं बंधनकारक नाही: नोव्हेंबर २०१४ मध्ये बराक ओबामा यांचं स्थलांतरितांविषयीचं भाषण चार मोठ्या नेटवर्कनी दाखवलं नाही.

सर्वांत घातक गैरसमज क्यूबाच्या पेचाबद्दलचा आहे. २२ ऑक्टोबर १९६२ ला जॉन केनेडी दूरचित्रवाणीवर कठोर शब्दांत बोलले आणि सोव्हिएत संघ नमला, असं मानलं जातं. प्रत्यक्षात क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांची छायाचित्रं केनेडींना १६ तारखेलाच दाखवली गेली होती. सहा दिवस बंद दाराआड खल चालला, देशाला कळू न देता. २८ तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली, पण तिच्यामागे क्यूबावर आक्रमण न करण्याची जाहीर हमी होती आणि तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं गुप्त आश्वासनही. हा दुसरा भाग अमेरिकी जनतेपासून अनेक वर्षं दडवला गेला, आणि तेवढा काळ निव्वळ ठाम बोलण्यानं अणुयुद्ध टळतं असा समज बळावत राहिला.