अंदमानची बॅग

अंदमानच्या सहलीची बॅग भरताना उन्हाच्या आधी ओलीचा विचार करावा लागतो. विषुववृत्तापासून सुमारे 12 अंश उत्तरेला असलेल्या या बेटांवर थंडी अशी पडतच नाही. पारा वर्षभर साधारण 23 ते 31 अंशांच्या दरम्यान असतो. हवा मात्र इतकी दमट, की संध्याकाळी दोरीवर टाकलेला कपडा सकाळी ओलाच हाताला लागतो. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो दोन खेपांत येतो: मेपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येकडून, मग डिसेंबरपर्यंत ईशान्येकडून. दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरी तेव्हा छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात. त्या खाली काढाव्या लागतात.

कपड्यांची निवड या ओलीवरच ठरते. जीन्स घरी ठेवावी. एकदा भिजली की ती सहल संपेपर्यंत वाळत नाही आणि बॅगेतल्या बाकीच्या कपड्यांनाही कुबट वास लावते. सुती धागा पाणी शोषून धरतो, नायलॉन आणि पॉलिएस्टर फारसे धरत नाहीत. म्हणून पाण्यात उतरण्यासाठी कृत्रिम धाग्याचे दोन जोड आणि एरवी हिंडण्यासाठी पातळ, सैल सुती कपडे पुरतात. जाड टर्किश टॉवेलपेक्षा साधा पंचा कितीतरी बरा: अंग पुसतो, पिळून उन्हात टाकला की लवकर वाळतो, डोक्यावरही घेता येतो.

सनस्क्रीन विकत घेताना डबीवरचे घटक वाचावेत. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने प्रवाळाला अपायकारक असल्याचे प्रयोगशाळेत दिसल्यावर हवाईने 2021 पासून ती असलेल्या सनस्क्रीनची विक्री बंद केली. झिंक ऑक्साइडचे मलम हा त्याला पर्याय आहे. पण त्याहून चांगला उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा. जेवढी त्वचा झाकली जाते, तेवढे मलम समुद्रात उतरत नाही. पाठीवर ऊन बसते ते बहुधा पाण्यावर पालथे तरंगत मासे पाहताना, आणि तेव्हा ते जाणवतही नाही.

पायांसाठी दोन जोड हवेत. स्वराज द्वीपावरच्या राधानगर किनाऱ्याची वाळू मऊ आहे, तिथे अनवाणी चालता येते. शहीद द्वीपावर लक्ष्मणपूरला ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवर मात्र शेवाळ आणि मेलेल्या प्रवाळाच्या धारदार कडा असतात. तिथे मागे पट्टा असलेल्या, पकड चांगली असलेल्या सँडलच लागतात. रबरी स्लिपर पहिल्याच डबक्यात निसटते.

ही दोन्ही बेटे गाठायची ती बोटीने. मोठे सामान बोटीत एका बाजूला रचून ठेवतात, ते वाटेत हाताशी येत नाही. बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून ती खांद्यावरच्या पिशवीतच हवी. तिथेच मूळ ओळखपत्र, तिकिटांच्या छापील प्रती आणि थोडी रोकड ठेवावी. चेन्नईहून आलेली समुद्राखालची केबल 2020 मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट सुधारले आहे, पण लहान बेटांवर त्याच्या भरवशावर राहू नये. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते.

सूर्य इथे लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. बेटे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या 10 अंश पूर्वेला आहेत, त्यामुळे हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडू लागतो. लहान टॉर्च उपयोगी पडते. सावरकरांची कोठडी पाहायला आलेले बहुतेकजण सेल्युलर जेलमधल्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला थांबतात. तो उघड्यावर असतो. पूर्ण लांबीची पँट आणि डासांचे मलम त्या वेळी हाताशी असावे. किनाऱ्यावरच्या वाळूमाश्यांनाही तेच मलम.

बाराटांगच्या वाटेवर कॅमेरा बॅगेत बंद ठेवायचा असतो. हा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. त्यांचे फोटो काढणे आणि त्यांना खाऊ देणे हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि ते तसे असणेच योग्य आहे: ही माणसे म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. एरवीही वातानुकूलित खोलीतून बाहेर पडल्यावर कॅमेरा लगेच उघडू नये. थंड काचेवर दमट हवेतले बाष्प जमते; अर्धा तास तो पिशवीतच राहू द्यावा.

परतताना बॅगेत ओल्या कपड्यांसाठी एक जाड पिशवी लागते, शंखशिंपल्यांसाठी जागा लागत नाही. प्रवाळ आणि कित्येक शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि विमानतळावर तपासणीत सापडले तर काढून घेतले जातात. किनाऱ्यावर रिकामे पडलेले शंखही खरे तर रिकामे नसतात. मऊ पोटाचे खेकडे त्यांत राहायला येतात, आणि वाढले की पुढच्या मापाचा शंख त्याच वाळूत शोधतात.