पंचाहत्तर टक्क्यांचा हिशेब

नाशिकच्या महाविद्यालयांत प्रवेशाची धांदल सुरू झाली की विद्यार्थ्याच्या हाती माहितीपुस्तिकेबरोबर नियमांची एक लांबलचक यादी पडते. ओळखपत्र गळ्यात हवे, पालकांच्या सहीचे रॅगिंगविरोधी हमीपत्र हवे आणि किमान ७५ टक्के उपस्थिती हवी. अन्यथा सत्र नामंजूर. विद्यार्थी सही करतो आणि आत येतो. त्या सहीची किंमत मात्र प्रत्येकाला सारखी पडत नाही.

रॅगिंगविरोधी नियमाविषयी दुमत होण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने १९९९ साली कायदा करून या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास ठरविला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये हमीपत्र सक्तीचे केले. येथे नियमाचा भार बलवानावर पडतो आणि रक्षण नवागताचे होते. उपस्थितीच्या नियमात नेमके उलटे घडते.

कॉलेज रोडवर राहणाऱ्या मुलाला सकाळचा तास गाठणे म्हणजे दहा मिनिटांचे काम. पेठहून येणाऱ्या मुलीला त्याच तासासाठी सावळघाट ओलांडून पन्नासहून अधिक किलोमीटर यावे लागते, आणि सारी भिस्त एस.टी.वर. महाविद्यालयाचे सत्र उघडते तेच मुळी भातलावणीच्या दिवसांत. घरची दोन हात त्या वेळी सोडली जात नाहीत. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचा हंगाम, सातपूर-अंबडला रात्रपाळी. करोनानंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये महाविद्यालये उघडली आणि लगोलग एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. त्या काळात हजेरीपटावर पडलेला शून्य आळसाचा होता की गाडी नसल्याचा, हे हजेरीपट सांगत नाही.

विद्यार्थी या नियमाशी जुळवून घेतात, पण कसे? कोणी मित्राकरवी हजेरी लावून घेतो, कोणी सत्राअखेरीस वैद्यकीय दाखला पैदा करतो, कोणी पंचवटीत एका खोलीत पाचजण राहून भाड्याचा बोजा उचलतो. पहिले दोघे तरतात, तिसरा कर्जात जातो. शिस्तीच्या नियमाने खोटा दाखला मिळविण्याचे शिक्षण द्यावे, याला काय म्हणावे? नियम सैल केला तर वर्ग ओस पडतील ही प्राध्यापकांची भीती निराधार नाही. (वर्ग ओस का पडतात, हे मात्र सहसा त्यांना कोणी विचारीत नाही.)

वसतिगृहांतही हेच दिसले. आदिवासी वसतिगृहांतील खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्याच्या बँकखात्यावर जमा करण्याचे धोरण शासनाने आणले. पाठ्यपुस्तकी अर्थशास्त्राला हा निर्णय पटण्यासारखा होता: रोख हाती असली की निवडीचे स्वातंत्र्य वाढते. पण रक्कम उशिरा आली तर ते स्वातंत्र्य खाता येत नाही. जुलै २०१८ मध्ये या निर्णयाविरुद्ध विद्यार्थी पुण्याहून पायी नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे निघाले. वाटेत सिन्नर तालुक्यात त्यांना पोलिसांनी अडविले. ज्यांच्या ताटाचा निर्णय होता त्यांना आधी विचारले असते, तर ही पायपीट बहुधा टळली असती.

विशेष म्हणजे हजेरीची अट ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठीचे विद्यापीठ याच शहरात आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने नोकरदारांना, गृहिणींना, शाळा सुटलेल्यांना पदवीचा मार्ग खुला केला. परंतु पेठच्या मुलीला प्रयोगशाळा हवी असेल, तर तिला मुक्त विद्यापीठाकडे बोट दाखविणे म्हणजे अडचण दुसऱ्याच्या दारात ढकलणे होय. नियमित महाविद्यालयाने प्रात्यक्षिकांची सक्ती जरूर ठेवावी. पण तासांचे वेळापत्रक आखताना एस.टी.चे वेळापत्रक शेजारी ठेवावे आणि हजेरी घसरू लागताच पहिल्या महिन्यातच विद्यार्थ्याला बोलावून कारण विचारावे. याला ना अनुदान लागते, ना कायद्यातील दुरुस्ती. आज ही विचारपूस अनेकदा परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, कार्यालयाच्या खिडकीपाशी होते.