वजनाचा कांटा आणि अंगचें बळ

आमच्या व्यापारी बंधूंस एक प्रश्न विचारावासा वाटतो. एका पारड्यांत तोळाभर सोनें व दुसऱ्यांत तोळाभर पितळ घातलें, तर कांटा सरळ उभा राहील. परंतु म्हणून दोहोंचें मोल एकच असें म्हणणारा माणूस पेढीवर किती दिवस टिकेल? जी चूक आपण धातूंच्या बाबतींत स्वप्नांतही करणार नाहीं, ती आपल्या मुलांच्या शरीराविषयीं नित्य करीत आहों. उंची व वजन ह्यांचे दोन आंकडे पुस्तकांत भरले, कीं मुलाच्या प्रकृतीचा हिशेब पुरा झाला असें पालक समजतात. त्या वजनांत स्नायु किती, हाड किती व चरबी किती, हें पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

उंचीच्या वर्गानें वजनास भागून जो आंकडा काढतात, त्याचें गणित बेल्जममधील केत्ले ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मांडलें. तें लोकसमूहाचें सरासरी मान काढण्यासाठीं होतें, एकेका व्यक्तीची पारख करण्यासाठीं नव्हे. 'बॉडी मास इंडेक्स' हें नांव त्यास १९७२ सालीं मिळालें. ह्या आंकड्याची मर्यादा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन ह्यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत स्वतःच्याच उदाहरणानें दाखविली. दोघांचाही आंकडा २२.३, परंतु युडकिन ह्यांच्या अंगीं चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिक ह्यांच्या अंगीं शेंकडा २१.२! कांटा सारखा, माल निराळा.

हा भेद केवळ प्रौढपणींचा नाहीं. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ सालीं सुरू झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, तेथील नवजात बालकांचें वजन सरासरी सुमारें २.७ किलो, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें सुमारें ३.५ किलो, पण वजनांतील ही तूट मुख्यतः स्नायूंत पडली होती, त्वचेखालच्या चरबीचा सांठा त्या मानानें राखला गेला होता. म्हणून 'आमचा मुलगा किरकोळ आहे, त्यास स्थूलतेची भीति कशाची?' हें समाधान फसवें आहे.

ह्याचा कामगिरीशीं संबंध काय, असें कोणी विचारील. धांवतांना, उडी मारतांना किंवा दंड काढतांना स्नायु काम करितात व अधिक झालेली चरबी हें वाहून न्यावयाचें ओझें ठरतें. दोन मुलांचें वजन एक असलें, तरी ज्याच्या अंगीं स्नायु अधिक तो पुढें जातो व दुसरा धापा टाकितो. शिवाय, सहा महिने तालमींत घाम गाळलेल्या मुलाची चरबी घटून स्नायु वाढले, तर त्याचें वजन तितकेंच राहूं शकतें. तेव्हां कांट्याकडे पाहून 'व्यायाम फुकट गेला' म्हणणारा बाप मुलाची खरी मिळकत हिशेबांतच धरीत नाहीं.

मात्र ह्यावरून लठ्ठ मुलाची टवाळी करण्याचा परवाना कोणी घेऊं नये. जड मुलाच्या अंगीं बहुधा स्नायूही अधिक असतात. हाताची पकड व गोळाफेक ह्यांत तो पुष्कळदां सडपातळ सोबत्यास मागें टाकितो. हंसें करून त्यास मैदानावरून पळवून लावणें म्हणजे रोग्यास औषधापासून दूर ठेवणें होय.

मुलींच्या बाबतींत तर आपला अपराध दुहेरी आहे. वयांत येतांना मुलींच्या अंगीं चरबीचें प्रमाण वाढणें हा सृष्टिक्रम आहे, दोष नव्हे. ती घालविण्यासाठीं उपास काढल्यास ऋतुचक्र बिघडतें व हाडें ठिसूळ होतात. उलट २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें देशांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ जणींस पांडुरोग आहे. प्राणवायु वाहणारें रक्तच जेथें अपुरें, तेथें दम कोठून टिकावा? अशा मुलीस सकस अन्न व औषध द्यावयाचें सोडून, वयांत येतांच तिचें खेळणें बंद करणाऱ्या घरांस आम्ही सुशिक्षित कसें म्हणावें?

उपाय खर्चाचा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें दमदार हालचाल व आठवड्यांतून निदान तीन दिवस स्नायु आणि हाडें बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, मल्लखांब, खोखो हें सारें आपल्या घरचेंच भांडवल आहे. लोकमान्य टिळकांनीं महाविद्यालयांतील पहिलें वर्ष अभ्यास बाजूस ठेवून शरीर कमावण्यांत घालविलें, ही गोष्ट आपण मुलांस अभिमानानें सांगतों. आणि त्याच मुलांचा खेळाचा तास गणिताच्या शिकवणीस देऊन टाकितों!

आमची मागणी एवढीच कीं, प्रत्येक शाळेनें वजनाच्या आंकड्याशेजारीं ६०० मीटर धांवण्यास लागलेला वेळ व काढलेल्या जोरांची संख्या लिहावी, आणि त्या नोंदीची तुलना शेजारच्या मुलाशीं न करितां त्याच मुलाच्या गतवर्षीच्या नोंदीशीं करावी. ही नोंद मुलांची तशीच मुलींचीही असावी. धनको जसा मुद्दलाची चौकशी करितो, तशी पालकांनीं दरसाल ह्या नोंदीची चौकशी केली, तर खेळाचा तास पळविण्याची कोणा शाळेची छाती होणार नाहीं.