जुनी कूपे, बेताचा पैसा: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

'कूपे' हा शब्द फ्रेंच भाषेतील 'कापणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला असून, घोडागाड्यांच्या काळात मागचा भाग कापून आखूड केलेल्या, दोघांपुरत्या बंद गाडीला हे नाव होते. मोटारी आल्यावर ते दोन दारांच्या, मागे उतरत जाणाऱ्या छपराच्या आणि मागच्या आसनांना फारशी किंमत न देणाऱ्या गाडीला चिकटले. २०२४ साली टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बसाल्ट या चार दारांच्या उंच गाड्या 'कूपे एसयूव्ही' या वर्णनाने बाजारात आल्या आणि छपराचा उतार म्हणजेच कूपे, हा समज पक्का झाला. स्पोर्ट्‌स कूपेची खरी खूण छपराच्या खाली असते: चालकाची बैठक जमिनीलगत असते आणि गुरुत्वमध्य, म्हणजे गाडीचे सारे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, शक्य तितका खाली ठेवलेला असतो, म्हणून वळणावर गाडी कलंडल्यासारखी न होता रस्त्याला धरून राहते.

अशा गाडीची ओढ नवी मुंबईतील उलव्यासारख्या वसाहतीत वाढावी, हे स्वाभाविक आहे. सिडकोने वसवलेल्या या उपनगराच्या दाराशी १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, २१.८ किलोमीटरचा सरळ, गुळगुळीत रस्ता शिवडीपर्यंत मिळाला, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही फार दूर नाही. दहा-पंधरा लाखांत नवी मध्यम आकाराची एसयूव्ही घेण्याऐवजी त्याच पैशात एखादी जुनी ऑडी टीटी किंवा मर्सिडीज एसएलके का घेऊ नये, हा प्रश्न म्हणूनच गंभीरपणे विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तितक्याच गंभीरपणे द्यायला हवे.

या प्रश्नाच्या मुळाशी असलेला गैरसमज असा, की गाडी स्वस्तात मिळाली म्हणजे ती स्वस्तात पडली. घसारा, म्हणजे वापराने आणि वयाने किमतीत होणारी घट, ही फक्त गाडीच्या किमतीला लागू होते. तिच्या सुट्या भागांना ती लागू होत नाही. २०१५ साली भारतात आलेली तिसऱ्या पिढीची टीटी साठ लाखांच्या घरात विकली गेली, आणि आज ती निम्म्याहून कमी किमतीत मिळाली तरी तिचा पुढचा दिवा, तिचे टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, किंवा तिच्या गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारा संच साठ लाखांच्या गाडीच्या भावानेच येतो. एसएलके किंवा बीएमडब्ल्यू झेड-४ यांचे मिटणारे कडक छप्पर हा तर वेगळाच विषय आहे, कारण ते हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दांड्यांनी उघडते, आणि दहा-बारा पावसाळे काढलेल्या गाडीत त्या दांड्यांची सीले व छपराच्या कडेची रबरे आधी दगा देतात. म्हणून हाती पंधरा लाख असतील तर गाडीवर दहा-अकराच घालावेत आणि उरलेली रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. सारे पैसे खरेदीतच संपणार असतील तर ती गाडी आवाक्याबाहेरची आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

दुसरा समज अश्वशक्तीचा आहे. फोर्डची मस्टँग जीटी २०१६ साली भारतात आली तेव्हा तिच्या पाच लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनाची सुमारे चारशे अश्वशक्ती हाच चर्चेचा विषय होता, पण ती गाडी पावणेदोन टनांच्या आसपास वजनाची आहे, आणि अटल सेतूवर मोटारींना वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटरची आहे. ही मर्यादा शंभर अश्वशक्तीची छोटी गाडीही सहज गाठते, म्हणून मर्यादेच्या आत राहून आनंद कशातून मिळतो हे पाहावे लागते, आणि तो हलकेपणातून, स्टीअरिंगच्या सच्चेपणातून आणि हाताने टाकलेल्या गिअरच्या नेमकेपणातून मिळतो. १९८९ साली आलेली जपानी माझदा एमएक्स-५ ही एक टनापेक्षा कमी वजनाची आणि बेताच्या ताकदीची गाडी जगभर याच गुणांवर वाखाणली गेली. मराठी मुलखाच्या शेजारी, गोव्यात, सॅन मोटर्सने फायबरग्लासच्या अंगाची दोन आसनी 'स्टॉर्म' बनवली होती, आणि तिच्यात ११४९ सीसीचे, साठ अश्वशक्तीचे रेनॉ इंजिन होते. विक्रीच्या हिशेबात ती मागे पडली, तरी कमी ताकदीतही खेळकर गाडी होऊ शकते ही तिच्यामागची कल्पना योग्यच होती, आणि भारतीय वाहन-इतिहासात तिला मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

याच तर्काने पुढे गेल्यास असे दिसते, की बेताच्या पैशातील सर्वोत्तम 'कूपे' कधीकधी कूपे नसतेच. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये दहा लाखांच्या आत बाजारात आलेली फियाटची अबार्थ पुंटो ही पाच दारांची गाडी १.४ लिटरच्या टर्बो इंजिनातून १४५ अश्वशक्ती देते आणि तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय १०५ अश्वशक्तीची असली तरी अंगाने भक्कम व चालीने चपळ आहे. चाकणला न बनता परदेशातून आलेली पोलो जीटीआय मात्र खरोखरच दोन दारांची असून १९२ अश्वशक्तीची आहे, आणि कूपेच्या व्याख्येच्या ती सर्वांत जवळ जाते, परंतु मोजक्याच गाड्या आल्याने तिचा शोध घ्यावा लागतो. अबार्थच्या बाबतीत एक सावधगिरी हवी: फियाटने भारतातील मोटारविक्री थांबवली असली तरी साध्या पुंटोचे भाग मिळतात, पण केवळ अबार्थलाच लागणारे भाग मिळवायला महिने लागू शकतात.

गिअरबॉक्सविषयीचा समज याला जोडूनच येतो. 'ऑटोमॅटिक' हा एकच प्रकार मानला जातो, वस्तुतः त्यात तीन-चार जाती आहेत. सुरुवातीच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरांचा कोरड्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आहे, म्हणजे विषम आणि सम गिअरांसाठी दोन वेगळे क्लच असून ते तेलात बुडलेले नसतात; हे क्लच कासवगतीच्या रहदारीत तापतात, आणि जेएनपीए बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरांच्या मागे आम्र मार्गावर रोज इंच-इंच सरकणे हा त्यांच्यासाठी सर्वांत वाईट वापर होय. टीटीच्या सहा गिअरांच्या संचात क्लच तेलात बुडालेले असल्याने तो जास्त सोसतो, मात्र त्याचे तेल साधारण ६०,००० किलोमीटरवर बदलावेच लागते आणि ते बदलल्याची पावती नसेल तर बदललेले नाही असेच धरावे. २०२० नंतरच्या पोलोत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे द्रवाच्या माध्यमातून शक्ती पुढे नेणारी जुनी, शांत यंत्रणा आली, आणि रोजच्या बेलापूर-वाशी फेरीसाठी तीच अधिक शहाणपणाची निवड आहे.

'फक्त वीस हजार किलोमीटर चाललेली' ही जाहिरातीतील ओळ वाचून मन हरखते, परंतु दहा वर्षांत वीस हजार किलोमीटर म्हणजे गाडी बहुतेक काळ उभी होती, आणि उलव्यासारख्या खाडीकाठच्या, खारफुटीने वेढलेल्या जागी उभी राहणे हे गाडीला मानवत नाही. खारट दमट हवा ब्रेकच्या चकत्या, सायलेन्सर आणि तळाचे जोड खाते. इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपांची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा रबरी पट्टा, किलोमीटरने झिजतो तसा वयानेही कडक होतो. ज्या इंजिनांत असा पट्टा आहे त्यांत तो तुटला की बहुधा झडपा वाकतात. टायरची खोबण खोल दिसली म्हणूनही निश्चिंत राहू नये: टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे '२४१६' असल्यास तो टायर २०१६ च्या चोविसाव्या आठवड्यातला आहे, आणि तो कितीही नवा दिसला तरी अशा गाडीला लावण्यालायक राहिलेला नाही.

अपघात झाकण्यासाठी भरलेली लांबी, म्हणजे पुटी, ओळखायला चुंबक लावून पाहण्याची युक्ती गॅरेजांत सर्वत्र चालते, आणि पोलादी पत्र्यावर ती उपयोगीही आहे. दुसऱ्या पिढीच्या टीटीवर मात्र ती फसते, कारण त्या गाडीच्या सांगाड्यात सुमारे ६९ टक्के ॲल्युमिनियम असून मागचा तळ, दारे व डिकीचे झाकण तेवढे पोलादी आहे. साहजिकच बॉनेटवर चुंबक घसरतो आणि दारावर चिकटतो, त्यामुळे पुढचा भाग ठोकलेला आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. अशा गाडीसाठी दोन्ही धातूंवर चालणारे रंगाच्या थराची जाडी मोजणारे यंत्र वापरावे, आणि दोन धातू जेथे भेटतात त्या जोडांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण खाऱ्या ओलाव्यात भिन्न धातूंच्या जोडावर विद्युत-रासायनिक गंज लवकर धरतो.

कागदपत्रांविषयी सर्वाधिक पसरलेला समज दिल्लीच्या गाड्यांचा आहे. राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्याने तेथील गाड्या स्वस्त दिसतात, आणि महाराष्ट्रात केवळ वयामुळे तशी बंदी नाही हेही खरे आहे. परंतु तेथून ना-हरकत दाखला आणणे, येथील कर भरणे आणि पनवेलच्या कार्यालयात एमएच-४६ मालिकेचा क्रमांक घेणे या सगळ्याचा खर्च किमतीतल्या फरकाचा बराच भाग खाऊन टाकतो. पंधरा वर्षांनंतर गाडी बाद होते, हाही समज चुकीचा आहे: तपासणीनंतर नोंदणीचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. तथापि ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये आणि आयात केलेल्या मोटारीचे ८०,००० रुपये केले आहे, म्हणून २००५-०६ सालची परदेशी कूपे पाहताना ही रक्कम किमतीत धरलीच पाहिजे.

विम्याबाबत असे मानतात, की स्पोर्ट्‌स गाडी म्हटली की हप्ता दुप्पट होतो. तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीने इतरांना झालेल्या हानीचा, सक्तीचा विमा गाडीच्या रूपावर किंवा रंगावर नव्हे तर इंजिनाच्या सीसीवर ठरतो: २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीला वार्षिक ३,४१६ रुपये आणि त्यावरील इंजिनाला ७,८९७ रुपये. अबार्थ त्यामुळे खालच्या गटात आणि टीटी वरच्या गटात बसते. हप्ता खरा वाढतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि तेथे विक्रेत्याचा 'नो क्लेम बोनस' खरेदीदाराला मिळत नाही, कारण तो गाडीचा नसून माणसाचा असतो. पॉलिसी नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो.

मागील मालकाने बदललेला सायलेन्सर, खाली केलेले सस्पेन्शन किंवा उघडे करून घेतलेले छप्पर यांना अनेकजण वाढीव किंमत समजतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्टपणे अधोरेखित केले आहे, म्हणून असा बदल किंमत वाढवणारा नव्हे तर कमी करणारा मानावा. जेएनपीए बंदर उलव्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून जपानहून एखादी जुनी कूपे थेट मागवता येईल, ही कल्पनाही टिकत नाही, कारण वापरलेली मोटार आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी असा नियम आहे आणि तिच्यावरील एकूण कर तिच्या मूळ किमतीलाही मागे टाकतो.

प्रत्यक्ष पाहणीसाठी सकाळची वेळ उत्तम, आणि इंजिन थंड असणे अत्यावश्यक आहे, म्हणून पोहोचताच प्रथम बॉनेटवर हात ठेवून पाहावा. ते कोमट लागले तर विक्रेत्याने गाडी आधीच चालू करून ठेवली होती आणि थंड इंजिनाचे दोष आता दिसणार नाहीत. थंड इंजिन सुरू होताना निळसर धूर आला तर तेल जळत आहे, आणि पांढरा धूर काही मिनिटांनंतरही थांबला नाही तर शीतक द्रव सिलिंडरात शिरत असावा. त्यानंतर सेक्टरांतील गतिरोधकांवरून गाडी अगदी सावकाश, तिरकी न नेता सरळ न्यावी, काचा खाली ठेवाव्यात, रेडिओ बंद ठेवावा, आणि पुढच्या चाकांकडून खटखट ऐकू येते का तेवढेच ऐकावे.