दिवेलागणीनंतरची सायकल

इंदूरला डिसेंबरच्या प्रारंभी पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर जेमतेम पंचवीस मिनिटांत संधिप्रकाश सरतो. शिकवणीहून परतणारी मुले, दुकानातून वा कारखान्यातून घराकडे निघालेली माणसे याच वेळी रस्त्यावर असतात. देवापाशी दिवा लावण्याची आठवण घरोघरी असते. दाराशी उभ्या असलेल्या सायकलीला दिवा आहे की नाही, हे मात्र क्वचितच कोणी पाहते.

१९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली. त्यापूर्वी मिलच्या पाळीला सायकलीवरून जाणारी पिढी ज्यांनी पाहिली, त्यांना टायरला टेकून फिरणारा, बाटलीच्या आकाराचा डायनामो आठवत असेल. सामान्यतः ६ व्होल्ट, ३ वॅट एवढीच त्याची शक्ती. तो लावला की पाय जड होत, पावसात तो टायरवरून घसरे आणि चौकात थांबताच दिवा विझे. मागून ट्रक येत असताना आपण दिसणे सर्वांत अगत्याचे, नेमके तेव्हाच सायकलस्वार अंधारात नाहीसा होई! आजचे बॅटरीवरील एल.ई.डी. दिवे तितक्याच विजेत जुन्या बल्बच्या सात-आठ पट प्रकाश देतात आणि सायकल उभी असतानाही तेवत राहतात.

तथापि दुकानात जाण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारावा : दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून हवा, की आपण इतरांना दिसावे म्हणून? राजवाडा ते पलासिया एवढीच ये-जा असेल, तर रस्त्यावर उजेड असतो. तेथे शंभरेक ल्युमेनचा पुढचा दिवा पुरे. शहराबाहेरच्या काळोख्या रस्त्यावर मात्र तीन-चारशे ल्युमेन हवेत. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला चार मीटर धावते. खड्डा दिसल्यापासून थांबेपर्यंत नऊ-दहा मीटर सहज जातात. केवळ ल्युमेनच्या आकड्यास भुलू नये. झोत समोरच्याच्या डोळ्यांत गेला, तर तोच आंधळा होऊन आपल्या अंगावर येईल. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करावी. झोताचा सर्वांत तेजस्वी भाग दिव्याच्या उंचीच्या खालीच पडला पाहिजे.

आमच्या मते खरी काळजी घ्यावयाची ती मागच्या दिव्याची. तो विझला तरी स्वाराला कळत नाही आणि धोका तर पाठीमागूनच येतो. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार, चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच वीस मीटर पुढे आलेली असते. शहरात पैसे एकाच चांगल्या दिव्यापुरते असतील, तर ते तांबड्या दिव्यावर खर्चावेत. जमल्यास मागे दोन दिवे असावेत, म्हणजे एक दगा देईल तेव्हा दुसरा राखील. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो खरा, पण त्यावरून अंतराचा अंदाज नीट येत नाही. दोहोंपैकी एक तरी स्थिर ठेवावा.

मुलाच्या लाल स्वेटरवर विसंबू नये, कारण संधिप्रकाशात लाल रंग काळपट दिसतो. उलट पायडलांवरचे पिवळे परावर्तक बहुमोल आहेत. ते निखळले असतील, तर आधी तेच बसवून घ्यावेत. अंधारात केवळ सांध्यांवरचे हलते ठिपके पाहूनही माणूस ओळखता येतो, हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली दाखवून दिले. वरखाली होणारे ते दोन पिवळे ठिपके चालकाला सांगतात, की समोर खांब नाही, माणूस आहे.

दिवा पावसाचे शिंतोडे सोसणारा असावा, वेष्टनावर ‘आय.पी.एक्स. ४’ अथवा त्याहून वरचा आकडा पाहून घ्यावा. सीटखाली लावलेला दिवा कॅरियरवरच्या डब्याच्या पिशवीआड लपतो, पावसाळ्यात तर रेनकोटचा घोळ त्याच्यावर पडतो. म्हणून तो कॅरियरच्या टोकाला किंवा मडगार्डवर बसवावा आणि मूल निघताना दहा-पंधरा पावले मागे जाऊन तो दिसतो की नाही, हे घरातल्या कोणीतरी पाहावे.