खोकताना लघवी सुटते?

वस्तीत रक्तदाब तपासायला बसलो की एखादी ताई उठता उठता हळूच विचारते, "खोकलं, हसलं की लघवी सुटते. आता वय झालं म्हणायचं का?" ती असते तिशीतली. लाजेने ती पाणी कमी पिते, चालायला जाणंही सोडते.

हा वयाचा दोष नाही. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात. पुढे भरलेले हंडे, बद्धकोष्ठता, जुना खोकला यांमुळे ते आणखी सैल पडतात. पण व्यायामाने बळकट होतात. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला हा व्यायाम आजही सांगितला जातो.

लघवी आणि वारा एकदम रोखावा तसे ते स्नायू आत ओढा. पाच अंक मोजा, सैल सोडा, पाच अंक थांबा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, मांड्या आवळू नका. नळाच्या रांगेत केला तरी कुणाला कळत नाही. मात्र लघवी करताना हा सराव नको. निदान तीन महिने नेटाने करा.

हंडा उचलण्याआधी हे स्नायू आवळा, गुडघ्यात वाका. बाळंतिणीचा हंडा घरातल्या पुरुषांनी उचलावा.

लघवीला जळजळ, रक्त, ताप असेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा.

आम्ही परिचारिका असूनही आमचा हा त्रास कितीतरी वर्षं लपवला. तुम्ही लपवू नका.