हजेरी आणि भरवसा

सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसांची रोज हजेरी घेतली जाई. बाहेर पडायचं तर पास लागे. आतल्या कित्येकांवर एकही गुन्हा शाबित झालेला नव्हता. ते ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातीत जन्मले, एवढंच. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, ही त्यामागची समजूत.

चोरीमागची खरी कारणं पोटाची होती. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्यांचा धंदा रेल्वेने मोडला. जंगल कायद्यांनी शिकारीवर जगणाऱ्यांचं रान बंद केलं. जमीन नाही, गावात थारा नाही आणि चोरी कुठेही होवो, पोलिस आधी पालावर. ज्याला कोणी कामावरच ठेवत नाही, त्याने जगायचं कसं?

हा कायदा चालू असतानाच औंध संस्थानाने उलटी वाट धरली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी केली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं इथे शेती कसू लागली, बायकामुलांसह राहू लागली. पळून जाऊ नये म्हणून उंच भिंत नव्हती. हातात काम आणि घरात माणसं होती. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ मध्ये आला.

गुन्ह्याला शिक्षा हवीच. ज्याचं घर लुटलं गेलं, त्याला न्याय मिळालाच पाहिजे. पण शिक्षा केलेल्या कृत्याची व्हावी, जातीची नव्हे. ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. तरी तुरुंगांच्या नियमांत त्यांच्यावरचा शिक्का उरलाच होता. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की जातीवरून कैद्यांत भेदभाव करणारे नियम घटनाबाह्य आहेत.

आता प्रश्न आपल्या गावाचा आणि गल्लीचा आहे. उद्या शेजारी चोरी झाली, तर पालाकडे बोट दाखवण्याआधी पुरावा मागा. आणि त्या पालावरचं पोर शाळेत आलं, तर त्याला आपल्या मुलाशेजारी बसू द्या.